दुपारी दोनची बाग

सर्वण हे डिचोली तालुक्यातलं खेडं. तिथं पालिका नाही, म्हणून पालिकेची बागही नाही, आणि तिची उणीव कुणाला भासल्याचं मी ऐकलेलं नाही. परसात फणस, वाटेवर काजू-आंबे, देवळापुढं पिंपळपेड, चार पावलं खाली उतरलं की कुणाचं तरी कुळागर. सावली मागायला कुठं जावं लागत नाही. बाग ही चीज मला कळली ती पणजीत नोकरी लागल्यावर. कचेरीत पंखा होता, पण डबा खायला धड जागा नव्हती. म्हणून दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी-तिघी चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता बागेत जायचो. निवृत्त झाल्यावर आता नातवाला घेऊन जाते, कधी पणजीत लेकीकडे, कधी डिचोलीत. इतक्या उन्हाळ्यांत माणसं बागेत कुठं बसतात, कधी उठतात, कुणाला बाग लागतेच आणि कुणाची ती हौस असते, हे पाहत आले. त्यातलं थोडं लिहिते. मी ना वनस्पतिशास्त्राची, ना वेधशाळेची. आयुष्यभर टपाल नोंदवलं, तेव्हा क्रमांक घालून लिहायची सवय आहे, एवढंच.

१. बागेचा उन्हाळा मार्चमध्येच सुरू होतो.

मे म्हणजे उन्हाळा, हे आपण सुट्टीच्या हिशेबानं म्हणतो. किनाऱ्यावर सगळ्यात भाजणारे दिवस पुष्कळदा फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये येतात. कारण वाऱ्याचं आहे. त्या दिवसांत सकाळी घाटाकडून कोरडा वारा येतो. तो जोरात असला की खारा वारा वेळेवर आत शिरत नाही, दुपार उलटेपर्यंत दर्यावरच अडून राहतो, आणि तेवढ्यात पारा ३७-३८ अंशांना टेकतो. मेमध्ये तोच पारा एरवी ३३-३४ वर असतो. मार्च २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या शाळा दुपारी बाराच्या आत सोडायचा हुकूम निघाला होता, तो अशाच दिवसांत.

पण बागांचं वेळापत्रक मार्चमध्ये हिवाळ्याचंच असतं. पाण्याचा पिंप एप्रिलात येतो, सावलीची जाळी आली तर मेमध्ये. मार्चमध्ये बाग ओस दिसली तर लोक म्हणतात, परीक्षा आहेत, शिगमा आहे. असतील. पण मी पाहिलंय, मुलं येतात, घसरगुंडीला हात लावून बघतात आणि परत जातात. त्यात २०२५ पासून वरच्या इयत्तांचं शैक्षणिक वर्ष एप्रिलातच सुरू व्हायला लागलं. म्हणजे ऐन उन्हात दप्तर घेऊन बसची वाट पाहणारी पोरंही आता बागेच्या हिशेबात धरायला हवीत.

२. वर्तमानपत्रातला आकडा सावलीतला असतो.

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, फटी-फटींच्या लाकडी पेटीत ठेवतात, जमिनीपासून वर, ऊन थेट लागणार नाही असा. म्हणजे "पणजी ३४" हे सावलीत, वाऱ्याला उभ्या राहिलेल्या माणसाचं तापमान. उन्हातल्या सिमेंटच्या बाकावर बसलेल्या म्हातारीचं ते नव्हे, आणि तापलेल्या फरशीपासून हातभर उंचीवर चालणाऱ्या दोन वर्षांच्या पोराचं तर नव्हेच.

दुसरी गोष्ट दमटपणाची. नागपूरकडचे पाहुणे आले की हसतात: "चौतीस? आमच्याकडे याला पावसाळा म्हणतात." मग संध्याकाळी त्यांना पणजीतल्या कांपालला अर्धा तास चालवून आणावं. घाम येतो, सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि सुकल्याशिवाय तो अंग थंड करत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं आणि किनाऱ्यावर ३७ पासून. माझा स्वतःचा मापक याहून साधा आहे. ओला हातरुमाल बाकाच्या पाठीवर टाकते. डबा खाऊन होईपर्यंत तो सुकला तर हवा चालण्याजोगी. ओलाच राहिला तर नातवाला पळू देत नाही, मग पारा काही का म्हणेना.

३. ऊन बाग रिकामी करत नाही, पाळी बदलते.

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ एकाच बाकावर बसावं लागलं. हिवाळ्यात बागेत सगळे एकत्र असतात: चालणारे, बसणारे, खेळणारे, प्रेमात पडलेले. उन्हाळा त्यांना वेगवेगळ्या तासांत वाटून टाकतो. पहाटेचे चालणारे साडेसहाचे साडेपाचला येतात, फाटक उघडायच्या आधीच उभे असतात आणि आठला घाम पुसत निघून जातात. मुलं सूर्य मावळल्याशिवाय येत नाहीत, आणि मेमध्ये सूर्य मावळायला सात वाजतात. मधले तास ज्यांचे, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

अकरा ते चार बागेत कोण असतं? खाण्याची पार्सलं पोचवणारी पोरं, मोबाईल हातात, पुढच्या ऑर्डरची वाट पाहत. पहाटे रस्ते झाडून आलेल्या बायका, डबा सोडून बसलेल्या. रात्रपाळी संपवून दुसऱ्या पाळीला जाणारा पहारेकरी. बारापर्यंत खोली सोडायची म्हणून पिशव्यांसकट बाहेर पडलेले पर्यटक, ज्यांची गाडी रात्रीची आहे. आणि आमच्याकडची माणसं, सत्तरी, पेडणे, डिचोलीकडून कागदांसाठी राजधानीत आलेली. "साहेब जेवायला गेलेत, तीनला या" असं ऐकलं की तीनपर्यंत माणूस जाणार कुठं? हॉटेलात बसायचं तर चहा मागवावा लागतो, तो किती वेळा मागवणार? आमच्या गावच्या एका काकांनी जमिनीच्या एका कामासाठी पणजीला इतक्या खेपा घातल्या की बागेतला माळी त्यांना नावानं हाक मारायचा.

आमच्या काजूवाल्यांना हे गणित जन्मापासून पाठ असतं. उजाडायच्या आत डोंगरावर, ऊन चढायच्या आत बोंडूंची पाटी घेऊन खाली. ज्याचा वेळ त्याच्या हातात आहे तो उन्हाला चुकवतो. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या हातात, त्याला दोन वाजता कुठंतरी बसावं लागतं.

गोम अशी आहे की बागेबद्दल बोलतं कोण? पहाटेचे चालणारे. पालिकेत ओळख त्यांची, निवेदनावर सह्या त्यांच्या, वर्तमानपत्राला पत्रं त्यांची. म्हणून बागेत चालायचा पट्टा होतो, व्यायामाची लोखंडी यंत्रं बसतात, योगासनांसाठी फरशीचा चौथरा होतो. सगळं चांगलंच आहे. पण दोन वाजता ते यंत्र हातात धरवत नाही आणि चौथऱ्यावर पाय ठेववत नाही.

४. झाडं मोजू नका, सावली मोजा.

उद्घाटनाच्या भाषणात झाडांचा आकडा असतोच. अमुक इतकी झाडं लावली. त्यातली निम्मी ताडाच्या जातीची शोभेची: बाटलीसारख्या बुंध्याची, शेपटीसारख्या झावळ्यांची. रोपवाटिकेतून आणली की दुसऱ्या दिवशी बाग तयार दिसते, पाला झाडायचा त्रास नाही. त्यांच्या सावलीत एक माणूस बसू शकतो, तोही सरकत सरकत.

गुलमोहराचं तर मला फार वाईट वाटतं, कारण तो मला आवडतो. मादागास्करहून आलेलं झाड, आपल्याकडं इतकं रुळलं की त्याच्याशिवाय मे महिना डोळ्यांपुढं येत नाही. पण मार्चमध्ये त्याच्याखाली जाऊन उभं राहावं. पानं गळून गेलेली, वर नुसत्या शेंगा लोंबतायत आणि ऊन थेट टाळूवर. एप्रिल-मेमध्ये फुलतो तेव्हा फोटो सुंदर येतो, सावली विरळच. नवा पाला नीट भरतो तोवर आभाळच भरून आलेलं असतं.

त्याउलट कांपालचे जुने पर्जन्यवृक्ष. तेही परदेशीच, दक्षिण अमेरिकेतले. फेब्रुवारीच्या आसपास पाला झाडतात, पण लगेच नवा धरतात, आणि एप्रिलात रस्त्यावर अशी कमान धरतात की स्कूटरवरून जाताना अंगाला फरक कळतो. करंज तसाच. नेमका उन्हाच्या तोंडावर कोवळा, चकचकीत पाला काढतो. ओंवळ, म्हणजे बकूळ, बारा महिने दाट. तिच्याखाली बसलं की वेणीला फुलंही मिळतात. आंबा, फणस उत्तमच, पण मेमध्ये आंब्याखाली बसायचं तर वरून कैरी आणि खालून पोरांचा दगड, दोन्हींची तयारी ठेवावी.

सावली म्हणजे नुसता अंधार नव्हे, हेही बसून बसून कळलं. पत्र्याच्या छपराखालीही ऊन लागत नाही, पण दुपारी पत्राच तापतो आणि आच डोक्यावर सोडतो. झाड पानांतून पाणी बाहेर टाकत असतं, त्यानं भोवतालची हवा निवते आणि पानं स्वतः तापत नाहीत. कुळागरात शिरताना अंगावर येतो तो गारवा याचाच: माड, पोफळी, खाली केळी, मिरवेल, वेलची, आणि पाटाचं पाणी. तीन-चार मजल्यांचा पाला. शहरातल्या बागेत कुळागर करा असं मी म्हणत नाही, पण खालची झुडपं साफ करून, गवताचा गालिचा अंथरून, मध्ये एक कारंजं बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. गवताला रोज पाणी लागतं आणि सावली ते देत नाही.

आणि छाटणी! मान्सूनपूर्व कामं म्हणून एप्रिल-मेमध्ये फांद्या उतरवतात. वाळकी, धोक्याची फांदी उतरवायलाच हवी, वीजतारांचं समजतं. पण त्याच फेऱ्यात बाकावरची हिरवी फांदीही जाते, ऐन गरजेच्या पंधरवड्यात. हिरवी छाटणी पाऊस सरल्यावर नोव्हेंबरात करावी. उन्हाळ्यापर्यंत पाला पुन्हा धरतो. एका माळ्याला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, म्हाका सांगून कितें फायदो? ठेकेदाराक सांग." बरोबरच होतं त्याचं.

५. मेच्या सुरुवातीला भिंतीचीही सावली नसते.

गोवा साडेपंधरा अक्षांशांवर. त्यामुळे मेच्या पहिल्या दोन-चार दिवसांत सूर्य अगदी डोक्यावरून जातो, आणि आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं असल्यानं तो डोक्यावर येतो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. त्या वेळी खांबाची, भिंतीची, माणसाची, कुणाचीच सावली बाजूला पडत नाही. वर काही असेल तरच खाली सावली. नंतर ऊन पश्चिमेला कलतं आणि सावली झाडाच्या पूर्वेला सरकते. म्हणून दुपारचा बाक झाडाच्या पूर्वेला हवा. हे इतकं सोपं असूनही बाक बसवतात ते वाटेच्या कडेनं, एका ओळीत, दिसायला बरे म्हणून. माणसं मग बाक सोडून झाडाच्या मुळांवर बसतात आणि पाटी सांगते, गवतावर बसू नका.

६. आधी हात लावून बघा.

सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी, लोखंडी झोपाळ्याची साखळी, प्लास्टिकची घसरगुंडी. प्लास्टिक पोळत नाही असा समज आहे. उन्हातलं प्लास्टिक पोराच्या मांडीला चांगलंच पोळतं. रबरी गालिचा पडल्यावर लागू नये म्हणून घालतात, तोही काळा असला तर तव्यासारखा. मी हाताची मागची बाजू टेकवून पाच आकडे मोजते. टेकवता आली नाही तर नातू घसरगुंडीवर चढत नाही, मग कितीही रडो. हे मी इतर आयांनाही सांगते, म्हणून काही जणी मला आगाऊ समजतात.

७. दुपारचं कुलूप कुणासाठी?

पुष्कळ ठिकाणी बाग सकाळी दहा-अकराला बंद होते आणि चारला उघडते. कारणं विचारली तर मिळतात: माळ्याचं जेवण, पाणी घालायची वेळ, आणि कुणी स्पष्ट बोलणारा असला तर "जोडपी येतात". म्हणजे दोन माणसांनी एका बाकावर बसू नये म्हणून शंभर माणसांनी रस्त्यावर उभं राहायचं.

अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त दगावली, असं नंतरच्या अभ्यासात निघालं. तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात दवाखाने, इशारे, पाणपोया या सगळ्याबरोबर बागा दिवसभर उघड्या ठेवणं हेही आहे. सर्वांत स्वस्त उपाय म्हटला तर हाच, कुलूप न लावणं. बंगळुरात २०२४ च्या जूनमध्ये महापालिकेच्या बागा पहाटे पाच ते रात्री दहा अशा सलग उघड्या ठेवायचं ठरलं. तिकडं फ्रान्समध्ये २००३ च्या उन्हाळ्यात सुमारे पंधरा हजार माणसं गेली, बहुतेक म्हातारी, घरात एकटी. आता पॅरिसात लाट आली की काही बागा रात्रभर उघड्या ठेवतात, कारण तिथली घरं रात्री निवत नाहीत. आपल्याकडची गरज आधी दुपारची आहे. पण पत्र्याखाली किंवा स्लॅबच्या एका खोलीत राहणाऱ्यांना विचारलं तर ते रात्रीचंही सांगतील.

८. शौचालय बंद असलं की बाई पाणी पीत नाही.

हे पुरुष लेखकांच्या यादीत सहसा नसतं, म्हणून मी जरा लांबवणार आहे.

उन्हात पाणी प्या, पाणी प्या, असं सगळे सांगतात. नोकरीच्या काळात आम्ही मैत्रिणी बागेत डबा खायचो आणि पाणी मोजून दोन घोट प्यायचो. कारण बागेतल्या शौचालयाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणाला ठाऊक नाही. झाडूवाल्या बायका तर सकाळपासून न पिता काम करायच्या. त्यांतली एक दुपारी बाकावर बसली ती उठेचना. डोकं गरगरतंय म्हणाली. आम्ही सावलीत आडवी केली, मानेवर ओला पदर ठेवला, कुणीतरी गाड्यावरून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणलं. शुद्धीवर होती, गिळता येत होतं, म्हणून पाजलं. माणूस बरळायला लागला, अंग कढत लागलं, तर पाजत बसू नये, अंग ओलं करत १०८ ला फोन करावा. ती बाई थोड्या वेळानं सावरली आणि पहिलं वाक्य काय बोलली? "आतां मुतूंक खंय वचूं?" आम्ही हसलो, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

दुसरी गोष्ट भीतीची. दुपारी दोनला बागेच्या आतल्या कोपऱ्यात दाट सावली असते आणि तिथं एकही बाई नसते. बायका फाटकाजवळच्या विरळ सावलीत, रस्ता दिसेल अशा ठिकाणी बसतात, ऊन सोसून. तिथं चार माणसांची वर्दळ, एखादा माळी, एखादा लिंबूसोड्याचा गाडा असला की बायका आत सरकतात. गाडेवाल्याला हुसकावून बाग स्वच्छ होत असेल. मी म्हणते, त्याला राहू दे. त्याच्याकडं पाणी असतं, डोळे असतात आणि सुटे पैसेही असतात.

९. उकाडा वाढला की बाग सोडून माणसं पाण्याकडं वळतात.

डिचोली तालुक्यात हे लगेच दिसतं. मेमध्ये बागेत जितकी पोरं नसतील तितकी मयेच्या तळ्याकाठी, वाळवंटीच्या पात्रात, कुठल्यातरी झरीवर. काठावरची झाडं आणि पाण्यावरून येणारा वारा यांची बरोबरी कुठलंही कारंजं करणार नाही. घरचे सोबत असतील तर यासारखी दुपार नाही. पण सोबत नसली तर पोरं जातात ती खाणींच्या खंदकात आणि चिरे काढलेल्या खड्ड्यांत. तिथलं पाणी हिरवंगार, काठ सरळसोट तुटलेला, खोली कुणी मापलेली नाही. दर उन्हाळ्यात एखादी तरी बातमी येते. माझ्या मते त्या बातमीचा आणि गावाजवळ सावलीचं, थोड्या पाण्याचं खेळायला ठिकाण नसण्याचा संबंध आहे. पाय बुडतील इतकं उथळ कुंड, रोज बदललेलं पाणी आणि जवळ बसलेला एक माणूस, एवढं असलं तर निम्मी पोरं तिथंच रमतील.

१०. हुर्राकाविषयी.

मार्च ते मे हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या बोंडूंच्या दारूचे दिवस. झाडाखाली बसून, मिरची चिरून, लिमका घालून पिण्यात गोंयकाराला कुणी शिकवायला नको. पण भर दुपारी बागेच्या मागच्या बाजूला ती बाटली उघडणाऱ्या भावांनो, दारू अंगातलं पाणी घालवते. प्यायचीच तर घरी, जेवणाआधी, आणि नंतर पेज.

११. उघडं मैदान म्हणजे बाग नव्हे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्या मैदानात, सकाळपासून दुपारपर्यंत. उष्माघातानं १४ माणसं गेली. जवळच्या केंद्रावर पारा चाळीसलाही पोचलेला नव्हता. दमट हवा, गर्दी, डोक्यावर काही नाही, आणि कार्यक्रम अर्ध्यात सोडून उठायचा संकोच. मी ती बातमी वाचली आणि आमच्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेची आठवण झाली. तीही वैशाखात, ऐन उन्हात, डिचोली तालुक्यातच. धोंड, म्हणजे देवीचे व्रती, जत्रेआधी काही दिवस घर सोडून व्रतानं राहतात. पण ते बसतात कुठं? तळ्याझऱ्याकाठी, झाडाखाली, झावळ्यांच्या मांडवात. दोन-तीन वेळा आंघोळ, सोवळ्याचं जेवण, दुपारी आडवं होणं. आणि अग्निदिव्य रात्री उशिरा, पहाटेकडं. श्रद्धा एकीकडं ठेवली तरी ज्यांनी हा क्रम बसवला त्यांना वैशाख माहीत होता. हल्ली शहरात मेळावे, शालेय संचलनं, बक्षीस समारंभ साडेदहाला सुरू करतात, कारण पाहुण्यांना ती वेळ सोयीची. पाहुणे मांडवात बसतात आणि मुलं मैदानात.

१२. संध्याकाळ उशिरा येते आणि उशिरापर्यंत राहते.

सात ते साडेनऊ ही उन्हाळ्यात बागेची खरी गर्दीची वेळ. तोवर फरशी दिवसभराची आच सोडतच असते, पण वारा सुटलेला असतो. मिरामारला सुरूच्या झाडांखाली त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा आठला दिवे मालवणं आणि साडेआठला शिट्टी वाजवणं हे हिवाळ्याचं वेळापत्रक. मेमध्ये ते तासाभरानं तरी पुढं न्यावं. डास असतात, हे खरं. नातवाला मी लांब बाह्यांचा सुती सदरा घालते, आणि लेक म्हणते, "आई, उकाड्यात काय हे!" दोघींचंही बरोबर असतं.

१३. उन्हाळ्याचा अर्ज उन्हाळ्यात देऊ नये.

घसरगुंडीवर हिरवी जाळी बांधावी म्हणून एका पालिकेत अर्ज दिला होता, एप्रिलात. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, दर मागवले, कामाचा हुकूम निघाला. जाळी बांधायला माणूस आला तेव्हा तो छत्री घेऊन आला. दोष एकट्यादुकट्याचा नाही, कागदाला तेवढा वेळ लागतोच. मी तर आयुष्यभर तो तसाच जाताना पाहिला आहे.

म्हणून आता गणपतीची चवथ आटोपली की अर्ज द्यायचा. सोबत फोटो लावायचा तो मेमधला, दुपारी दोनचा, ज्यात घड्याळ दिसतं असा. सकाळचा फोटो लावला तर बाग छानच दिसते. झाडं मागायची तर खड्डे मेमध्ये खणून ठेवावे लागतात आणि रोपं पहिल्या पावसात लागतात, तेव्हा तेही आधी लिहावं लागतं, नुसतं "वृक्षारोपण करावे" लिहून भागत नाही. कुठलं झाड, कुठल्या बाजूला, कुणी दोन उन्हाळे पाणी घालायचं. लांबलचक अर्ज कुणी वाचत नाही, म्हणून यंदा चार ओळींत आवरलं: घसरगुंडीच्या पश्चिमेला दोन करंज, हिरव्या फांद्यांची छाटणी नोव्हेंबरात, मार्च ते मे फाटक दुपारी उघडं, बायकांच्या शौचालयाची किल्ली माळ्याकडे, आणि तसं लिहिलेली पाटी दारावर. पोच घेतली आहे. फाटकाचं "विचाराधीन" आहे असं तोंडी कळलं, किल्लीचं मात्र दुसऱ्याच दिवशी झालं.